बदली द्या, नाहीतर खाडा

रविवार, दुपार. घरात हजर: मी एकटी. हे पेडगावला शेतावर गेलेत, मुलगी मैत्रिणीकडे. जिने हे ऐकायला हवं ती बाई या घरातली नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

पाथरी रस्त्यावरच्या एका डाळ मिलमध्ये मी हजेरी बघते. बायका सरकत्या पट्ट्याशी बसून डाळीतले खडे नि काळे दाणे निवडतात. कुणाला कुठे बसवायचं, काय आधी, काय नंतर — हे मला जमतं. सकाळी कामांची यादी केल्याशिवाय मी चहासुद्धा घेत नाही.

आमच्याकडे रजा कुणी मागत नाही. जिला यायचं नसेल ती घरातली दुसरी बाई पाठवते. जाऊ, नणंद, कधी सासू. तिला बदली म्हणतात. काम बदली करते, हजेरी मूळ बाईच्या नावावर लागते. बदली नसेल तर खाडा, आणि खाडे वाढले की जागा जाते. पद्धत मी आणली नाही. पण मी ती इतकी नीट बसवली की पट्ट्यावर कधी जागा रिकामी दिसायची नाही. मला त्याचा अभिमान होता.

काही वर्षांपूर्वी मालकांनी मला परभणीला एका प्रशिक्षणाला पाठवलं. रजेचा कायदा समजावून सांगत होते. वर्षात दोनशे चाळीस दिवस काम भरलं की वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. रोजंदारीवरच्या बाईलाही. मी भराभर लिहून घेतलं आणि मग अडकले. आमच्या पट्ट्यावरच्या कुशावर्ताच्या नावावर वर्ष भरलंय, पण त्यातले कितीतरी दिवस तिच्या जावेने काम केलंय. मग रजा कुणाची? नावाची, की हातांची? मी विचारायला अर्धी उठले आणि पुन्हा बसले. विचारायचं तर आधी बदलीचं सांगावं लागलं असतं, तेही भरल्या हॉलमध्ये. परत येताना एसटीत मी स्वतःशी म्हटलं, आपल्याला हे नीट कळलेलं नाही. खरंच कळलं नव्हतं? की कळू नये असं ठरवलं होतं? अजून मला ते वेगळं करता येत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कुशावर्ताच माझ्याकडे रजेचं विचारायला आली. पट्ट्यावरची तिची नजर सगळ्यात तेज. आम्हाला दिसायचे नाहीत ते खडे तिला दिसायचे. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं.

"ताई, डॉक्टर म्हणायलाय, पंधरा दिवस धुळीत जाऊ नको. जाऊ तर गेली ऊसतोडीला. बदली कुठून आणू? आमाला रजा लागत न्हाई का हो?"

शेजारून फातिमाबी हसली. "रजा सायबाला असती गं. आपल्याला खाडा!"

सगळ्या हसल्या. कुशावर्ताही हसली, पण माझ्याकडेच बघत राहिली. तिला खरंच उत्तर हवं होतं. आणि मी म्हटलं — हसतच म्हटलं — "नाही लागत गं. बदली दे, नाहीतर खाडा."

तेव्हा माझ्या मनात काय होतं? मालकांची भीती होती? थोडी. रजा दिली तर बदलीचं सगळं उघडं पडेल, ही धास्ती? तीही. पण अर्धवट कळलेलं पूर्ण विचारून घ्यायला मला कुणी अडवलं होतं? प्रशिक्षण देणाऱ्यांचा नंबर माझ्याकडे होता. दुसऱ्या दिवशीच्या यादीत मी 'रजेचं विचारणे' असं लिहिलं. मग ते पुढच्या दिवसावर ढकललं. मग यादीतूनच गेलं.

ती चार दिवसांनी काळा चष्मा लावून कामावर आली. तूरडाळीची धूळ तुम्हाला माहीत नसेल. ती पापणीवर बसते, दातांत कचकचते. मी तिला दाराजवळ, वाऱ्याच्या बाजूला बसवलं आणि आपण किती काळजी घेतली, असं मला वाटलं. आठवड्याभरात डोळा लाल झाला. नंतर सुजला. आता त्या डोळ्याने तिला फक्त उजेड कळतो. दुसऱ्यातही मोतीबिंदू पिकतोय, पण ऑपरेशनचं नाव काढलं की ती मान फिरवते. डॉक्टर म्हणाले, धुळीनेच झालं असं सांगता येणार नाही. हे वाक्य मी किती वेळा मनात धरून बसले! पण तिला ते पंधरा दिवस मिळाले असते तर? याचं उत्तर डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडेही नाही. मी खोटं बोलले, एवढंच पक्कं.

तिला पट्ट्यावरून उठवून झाडलोटीला लावलं. तेही मीच लावलं. त्यावर ती मला म्हणाली, "ताई, तुमी व्हता म्हणून जागा ऱ्हायली."

आता कायदे बदललेत म्हणे. रजेसाठी लागणारे दिवस कमी झालेत. मालकांनी मला फलक करायला सांगितला, साध्या मराठीत, बायकांना कळेल असा. मी फोन करून सगळं विचारून घेतलं. बदलीचंही विचारलं. दहा मिनिटांत उलगडलं. दहा मिनिटं!

काल फलक लावला. बायका जमल्या, वाचू लागल्या. कुशावर्ता झाडू घेऊन मागे उभी होती. ती सातवी शिकलेली. पूर्वी पोत्यांवरची नावं तीच सगळ्यांना वाचून दाखवायची. तिने मान तिरकी करून अक्षरं धरायचा प्रयत्न केला, मग माझ्याकडे वळली.

"ह्याच्यात काय लिवलंय, ताई?"

"सुट्ट्यांचं आहे," मी म्हटलं. "सांगते नंतर."

कालच्या यादीत सगळ्या कामांवर खूण झाली. फलक रंगवणे, खिळे आणणे, दाराशेजारी लावणे.

कुशावर्ताला वाचून दाखवणे, हे राहिलंय.