विनापरवानगी किनाऱ्यावर

देवस्थळी सर गेल्याचं कळलं तेव्हा मी दुबईत, अल बर्शातल्या सुपरमार्केटमध्ये कोथिंबिरीची जुडी निवडत होतो. आमच्या जुन्या कॅडेटांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठोपाठ जोडलेले हात आले, समया आल्या, 'एका पर्वाचा अस्त' आला. मी जुडी घेतली, घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "म्हातारा गेला." ती म्हणाली, "असं नको रे बोलूस." मला वाईट वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं असं मानणाऱ्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आमचं गाव घाटावरचं. समुद्र तिथून एका रात्रीच्या एसटीच्या अंतरावर, आणि गावातल्या निम्म्या लोकांनी तो कधी पाहिलेलाही नाही. अशा गावातल्या कॉलेजात नौदलाचं छात्रपथक कशासाठी, हा प्रश्न सगळ्यांनाच पडायचा. ज्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही त्यांनाच त्याची ओढ लावायची, म्हणजे पुढे त्यांतून खलाशी आणि अधिकारी निघतील, असा त्यामागचा विचार होता, आणि खरोखर निघालेही. नदीच्या बंधाऱ्यावर पत्र्याची शेड, आत वल्ह्यांच्या दोन होड्या, एक पितळी घंटा आणि देवस्थळी सर. सर भौतिकशास्त्र शिकवायचे. जहाजावर त्यांनी आयुष्यात जेमतेम तीन आठवडे काढले होते, तेही ओकत. हे आम्हाला त्यांच्याच शिपायाने सांगितलं होतं.

पण ऐट अशी की शेड हे जहाज. फरशीला डेक म्हणायचं, चहाच्या टपरीला गॅली, म्हणजे जहाजावरचं स्वयंपाकघर. आणि फाटकाबाहेर पाऊल टाकायचं तर, "सर, किनाऱ्यावर जाऊ?" असं विचारायचं. नुसतं "घरी जातो" म्हटलं की दहा फेऱ्या. दाराशी एक फळी होती. वर 'जहाजावर', खाली 'किनाऱ्यावर', आणि प्रत्येकाच्या नावाचा लाकडी बिल्ला. परवानगी मिळाली की आपला बिल्ला आपल्याच हाताने खालच्या खिळ्यावर टांगायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. गाव आम्हाला 'बंधाऱ्यावरचं नौदल' म्हणून हसायचं. मला मात्र ते सगळं मनापासून आवडायचं, आणि सरही आवडायचे. हे लिहिताना आता राग येतो.

मी शेवटच्या वर्षाला असताना पूर आला. वेताळ गल्लीत, म्हणजे आमच्याच गल्लीत, छातीएवढं पाणी तुंबलं. पहाटेच सर शेडमध्ये येऊन बसले होते आणि वरून लेखी आदेश आल्याशिवाय होडी सोडायची नाही म्हणत होते. मी तासभर ऐकून घेतलं. मग सर टेलिफोन करायला गेले तेव्हा गल्लीतल्या तीन मित्रांना घेऊन दोन नंबरची होडी काढली. अकरा माणसं बाहेर आणली आणि एक शेळी. शेळीने माझ्या गणवेशाची बाही खाल्ली. दहाच्या सुमारास आदेश आला, सरांची होडी निघाली आणि तिचाच फोटो पेपरात छापून आला. रजिस्टरमध्ये सरांनी त्यांच्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'कॅडेट शेलार, विनापरवानगी किनाऱ्यावर. गैरहजर.'

त्या एका ओळीमुळे माझ्या प्रमाणपत्रावर त्यांनी सही केली नाही. प्रमाणपत्र नाही म्हणून नौदलाच्या मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. पुढे डिप्लोमा, नोकरी, मग दुबई. गेली बावीस वर्षं बंदरातल्या एका मालवाहतूक कंपनीत आहे. खिडकीतून रोज जहाजं दिसतात. माझा संबंध येतो तो त्यांच्यातून उतरणाऱ्या कंटेनरांच्या कागदांशी.

दोन वर्षांपूर्वी सर त्यांच्या मुलीकडे, मृदुलाकडे, अबू धाबीतल्या मोहम्मद बिन झायद सिटीत राहायला आले. पथकाचा इतिहास लिहायला त्यांनी घेतला होता, आणि ग्रुपने परस्पर ठरवून टाकलं की टायपिंग शेलार करेल, तो तिथेच असतो. जणू दुबई आणि अबू धाबी म्हणजे समोरासमोरची घरं. मी हो म्हणालो, त्यात माझा मतलब होता. पुराचं प्रकरण येईल, सर ती ओळ सुधारतील, एवढ्यासाठी मी दर शनिवारी जाऊन-येऊन तीन तास गाडी हाणत होतो. फ्लॅटच्या दाराशी बघतो तर तीच फळी, नवीन करून घेतलेली. सरांचा स्वतःचा बिल्ला, मृदुलाचा, जावयाचा, नऊ वर्षांच्या नातीचा, ईराचा. तिसऱ्या शनिवारी माझाही आला, 'कॅडेट शेलार'. मी तेव्हा चोपन्न वर्षांचा होतो. निघताना विचारायचो, "सर, किनाऱ्यावर जाऊ?" ते घड्याळ बघून म्हणायचे, "जा." आणि मी चौदाव्या मजल्यावरून लिफ्टने किनाऱ्यावर उतरायचो.

पुराचं प्रकरण आलं तेव्हा ती ओळ त्यांनी मला वहीतून जशीच्या तशी सांगितली. मी टाइप करायचं थांबवलं.

"सर, हे बदला. मी गैरहजर नव्हतो."

"परवानगी घेतली होतीस?"

"वेळ कुठे होता? माझी आई माळ्यावर बसली होती."

"आणि चार पोरं बुडाली असती तर त्यांच्या आयांना मी काय सांगणार होतो?"

हे त्यांचं चूक नव्हतं, तेही मान्य करतो. पण आम्ही बुडालो नव्हतो, आणि अकरा माणसं जिवंत होती. मी म्हणालो, "किनाऱ्यावर गेलो असं लिहिलंत. त्या दिवशी गावात किनारा होता कुठे, सर?"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "रजिस्टर खोडता येत नाही, शेलार."

"मग खलास," मी म्हणालो, लॅपटॉप उचलला आणि निघालो. विचारलं नाही. बिल्ला हलवला नाही. आठ महिने तिकडे फिरकलो नाही, त्यांचे दोन फोन आले ते घेतले नाहीत... आणि मग ती कोथिंबीर.

दिवस-वार झाल्यावर मृदुलाचा फोन आला. "काका, प्लीज एकदा येऊन जा. बाबांचं पूर्ण मॅन्युस्क्रिप्ट रेडी आहे, पण हँडरायटिंग कोणालाच लागत नाही." अक्षर लागत नाही हे ऐकून मी चमकलो. गेलो. वह्या हातात घेतल्या तर शेवटच्या दोन वह्यांत ते सुंदर अक्षर पार थरथरलेलं. उभ्याउभ्याच पुराचं पान काढलं. गैरहजेरीची ओळ तिथेच होती. खाली नव्याने भर घातलेली, 'दुसऱ्या होडीने वेताळ गल्लीतून अकरा माणसे आणली. वल्ही कोणी मारली याची नोंद नाही.'

नोंद नाही. नोंद ठेवणारा माणूस एकच होता आणि तोच लिहितो की नोंद नाही. माणसं वाचली ते कबूल केलं, शेळीपर्यंत सगळं त्यांना ठाऊक होतं, फक्त नाव लिहायला हात उचलला नाही. मृदुलाने माझा चेहरा पाहिला असावा. ती म्हणाली, "काका, जे करेक्ट करायचं ते तुम्हीच करा ना. अब कौन चेक करेगा?" खरंच कोणी करणार नव्हतं. एक नाव टाइप करायला असा कितीसा वेळ लागतो? पण मी ते करणार नाही, आणि त्यात मोठेपणा काही नाही. मला ते त्या माणसाकडून हवं होतं. स्वतःच लिहून घेतलेल्या हजेरीचं मी काय करू? पुस्तक त्यांच्या शब्दांत जसंच्या तसं छापलं जाईल. ही पुरवणी माझी आहे, म्हणून इथे लिहितो. त्या दिवशी दुसऱ्या होडीवर मी होतो.

निघताना फळीशी थांबलो. माझा बिल्ला वरच्या खिळ्यावर होता.

ईरा सोफ्यावरून म्हणाली, "यू आर स्टिल ऑन बोर्ड, अंकल. आजोबा सेड नोबडी टचेस इट."

सरांचा बिल्ला मात्र खाली होता. मृदुलाने सांगितलं, अॅम्ब्युलन्सवाले स्ट्रेचर बाहेर काढत होते तेव्हा सरांनी त्यांना दाराशी थांबायला लावलं आणि स्वतःच्या हाताने तो खाली टांगला.

"परवानगी कोणाची घेतली?" मी विचारलं. खवचटपणेच विचारलं.

"ही आस्क्ड मी," ईरा म्हणाली.

मी तिच्याकडे वळलो. मग विचारलं, "ईरा, किनाऱ्यावर जाऊ?"

तिने मोबाइलमधून मान वर केली नाही. "ओके, गो."

बिल्ला खालच्या खिळ्यावर टांगला, वह्या काखेत धरल्या आणि लिफ्टचं बटण दाबलं. एवढंच म्हणायचं होतं, सर.