कवळीवाले आणि सिगारेटचा शेअर

माणसाचं तोंड आपल्याला कळतं, असं कवळीवाल्यांचं स्वतःचं मत होतं, आणि स्वतःच्या मताबद्दल त्यांना सहसा शंका येत नसे. दंतवैद्यांना कवळ्या करून देण्यात त्यांचा जन्म गेला. खरं तोंड त्यांच्यासमोर कधी यायचंच नाही. यायचा तो प्लास्टरचा साचा, दुरुस्तीला आलेली जुनी कवळी आणि दंतवैद्याची चिठ्ठी. पण तेवढ्यावरून माणूस किती ओढतो हे ते छातीठोकपणे सांगत. कवळीच्या आतल्या बाजूला तपकिरी थर दिसला की ती खिडकीशी उजेडात धरायची आणि खुशीत म्हणायचं, "हे गिऱ्हाईक आपलं!" आपलं म्हणजे, ज्या सिगारेट कंपनीचे शेअर त्यांनी घेऊन ठेवले होते, त्या कंपनीचं.

आता कवळ्या घासता घासता हा गृहस्थ शेअरबाजारात कुठून शिरला, असं कुणी विचारेल. म्हातारपणाची भीती माणसाला कुठेही शिरायला लावते. कंपनी वर्षातून दोनदा घसघशीत डिव्हिडंड द्यायची. बँकेचं व्याज त्यापुढे चणे-फुटाणे. शेअरचा भाव मात्र वर्षानुवर्षं खाली चालला होता. पण कवळीवाल्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. "दुधाच्या गाईची बाजारात काय किंमत आहे, हे कोण विचारत बसतं?" असं म्हणून ते मोकळे व्हायचे. भाव पडला की आणखी थोडे घ्यायचे. तेवढ्याच पैशात जास्त शेअर आले, म्हणजे डिव्हिडंडही जास्त.

एकट्याचा मामला असता तर काही बिघडलं नसतं. पण धाकट्या बहिणीलाही त्यांनी यात ओढलं होतं.

बहीण इस्पितळाच्या कपड्यांच्या खोलीत नोकरी करून निवृत्त झालेली. नवरा बस चालवायचा आणि एका सिगारेटवर दुसरी पेटवायचा. शेवटी दोन जिने चढणं त्याला जड झालं, मग एक, मग अंथरुणातून खिडकीपर्यंत जाणं. तो गेल्यावर भावाने सिगारेट कंपनीचं नाव काढलं, तेव्हा तिने असं रोखून बघितलं की कवळीवाले घाबरले. मग म्हणाली, "घे माझ्या नावावर. ह्यांनी जन्मभर त्या कंपनीला दिले. आता ती मला परत करू दे." तेव्हापासून तिचं घरभाडं डिव्हिडंडमधून जायचं. पैसे जमा झाले की ती भावाला फोन करून सांगायची, "आले हो दादा ह्यांचे पैसे." कवळीवाल्यांना त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

गेल्या महिन्यात भाव आणखी कोसळला. तिने विचारलं, "काय करू रे?"

"करायचं काय? स्वस्त मिळतोय तर घे."

तिने बँकेतली ठेव मोडली आणि घेतले. ती शेवटची ठेव होती.

त्यानंतर चार दिवसांनी पोस्टमास्तर आले. टपालखात्यातून निवृत्त झालेला हा जुना मित्र. शेअरही दोघांनी एकदमच घेतलेले. त्यांची खालची कवळी टोचत होती, ती घासून घ्यायला आले होते. बिनदाताच्या तोंडाने त्यांनी जाहीर केलं, "मी विकून टाकले."

"भित्रा आहेस."

"असेन. पण नीट बघ जरा. डिव्हिडंडचा टक्का वाढलाय तो कंपनी उदार झाली म्हणून नाही. भाव पडला म्हणून वाढलाय. आणि तू वर आणखी घेतोस. बुडत्याचा पाय खोलात."

"अरे, कंपनी बुडेल कशी? माझ्या टेबलापाशी ये, बघ. दहातल्या सात कवळ्या काळ्या. लोक ओढायचे थांबलेत कुठे?"

पोस्टमास्तर बोळक्या तोंडाने हसले. "तुझ्याकडे तिशीतलं तोंड शेवटचं कधी आलं?"

"तिशीतल्यांना कवळी कशाला लागेल? त्यांना दात असतात!"

"तेच म्हणतोय मी."

कवळीवाल्यांनी कवळी जरा जास्तच घासली. ती पोस्टमास्तरांच्या तोंडात दोन दिवस खुळखुळत राहिली.

ते गेल्यावर मात्र कवळीवाल्यांचं हातातल्या मेणात लक्ष लागेना. इतकी वर्षं ज्यांच्या तोंडावरून आपण अख्ख्या जगाचा अंदाज बांधला, ती सगळी माणसं म्हातारी! त्यांच्या मागून कोण येतंय, हे आपल्या टेबलावरून दिसणारच नव्हतं. समोरच्या इमारतीच्या दाराशी पोरंपोरी उभी असायची, हातात फोन, ओठात काही नाही. हे काय आज दिसलं त्यांना? रोज दिसायचं. पण खिडकीत ते कवळी बघायला जायचे, पोरं बघायला नव्हे.

त्याच दिवशी विकायला हवे होते. पण विकायचं म्हणजे बहिणीला सांगायचं, की चार-पाच दिवसांपूर्वी दिलेला सल्ला चुकला. कवळीवाल्यांची जीभ रेटेना. पुढचा डिव्हिडंड जाहीर होऊ दे, मग बघू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. स्वतःची समजूत घालण्यात माणसाइतका वाकबगार प्राणी दुसरा नाही.

डिव्हिडंड जाहीर झाला. अर्ध्यावर आणला होता.

सकाळच्या बातमीत ते ऐकलं आणि कवळीवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. बाजार उघडताच त्यांनी दलालाच्या कचेरीत फोन लावला. स्वतःचे आणि बहिणीचे, दोघांचेही व्यवहार कवळीवालेच सांगायचे. घेताना नेहमी आधी बहिणीचे सांगायचे, मग स्वतःचे.

"बोला, काय करायचं?" पलीकडचा कारकून म्हणाला.

"विका. माझे सगळे विका."

थोडा वेळ गेला. "झाले. आणि बहिणीचे?"

"हो, हो, तिचेही! लगेच!"

या वेळी जास्त वेळ गेला. मग कारकून म्हणाला, "घेणाराच नाही हो कुणी. भाव दिवसाच्या खालच्या मर्यादेला टेकला. आजचा व्यवहार थांबलाय. उद्या याहून खाली उघडेल असं दिसतंय."

कवळीवाल्यांनी फोन ठेवला आणि मेण वितळवायचा दिवा न पेटवता टेबलाशी बसून राहिले. नुकसानीपेक्षा त्यांना दुसरंच खात होतं. विचार करून बोलले असते तर आधी बहिणीचेच सांगितले असते, याची त्यांना शंभर टक्के खात्री होती. पण विचार करायला वेळ नव्हता, आणि वेळ नसताना तोंडातून 'माझे' निघालं. बहिणीवर आपला जीव आहे, हे त्यांनी आजवर किती जणांना ऐकवलं होतं! त्यांना स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी ते तिच्याकडे गेले. ती शिवणयंत्राच्या सुईत दोरा ओवत होती.

"बातमी ऐकली," ती म्हणाली. "विकलेस ना?"

"माझे विकले."

"आणि माझे?"

त्यांनी सगळं सांगितलं. खोटं बोलता आलं असतं, पण आले होते तेच सांगायला. शेवटी घाईघाईने म्हणाले, "माझे जे आले त्यातले अर्धे तुझे. अर्धे कशाला, सगळेच घे."

"पैशांचं नंतर बघू." दोरा सुईत जाईना, तिने टोक ओलं केलं. "आधी तुझे सांगितलेस?"

"तोंडातून निघून गेलं गं. मनात तसं नव्हतं."

"हं." दोरा गेला. "ह्यांचंही असंच असायचं. उद्यापासून सोडतो म्हणायचे. तेही काही खोटं बोलायचे नाहीत."

तिने गॅस पेटवून चहा ठेवला, त्यांच्या पुढ्यात कप आणून ठेवला, साखर नेहमीइतकीच होती. मग पेन्सिल घेऊन समोर बसली.

"दलालाचा नंबर सांग."

"मी करतो ना फोन. सकाळी उघडल्या उघडल्या पहिला तुझाच..."

"नको, दादा. मीच बोलेन त्याच्याशी. तू नंबर तेवढा सांग."

त्यांनी सांगायला सुरुवात केली. हजारदा लावलेला नंबर, पण अर्ध्यावर अडकले. पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. ती पेन्सिल कागदावर टेकवून थांबली होती आणि त्यांच्याकडे बघत नव्हती.