जादा सायकल

खिडकीतून आधी त्यांचा तळहात बाहेर यायचा, मग आवाज. "आधी जुनं दाखव." चेहरा दिसेलच असं नाही.

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी एका कंत्राटदाराकडे टाइमकीपर होतो आणि ते तिथेच स्टोअरकीपर. मोडकी वस्तू जमा केल्याशिवाय नवी द्यायची नाही, हा नियम तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. पण नियम पाळणारे वेगळे आणि नियमाशी संसार मांडणारे वेगळे. एकदा एका मजुराचं फावडं समुद्रात पडलं. "साहब, दरिया में गया," तो कळवळून सांगत होता. "तो दरिया से लाओ," हे म्हणाले. ओहोटी लागल्यावर बिचाऱ्याने ते खरंच शोधून आणलं.

बोईसरला आम्ही दोघं एकाच खोलीत राहायचो. वयाने ते मला काकांसारखे. खोलीतही तोच कारभार. साबणाची नवी वडी हवी असेल तर जुनीचा पापुद्रा आधी त्यांच्या तळहातावर ठेवावा लागे.

अशा माणसाने एके दिवशी जाहीर केलं, "टाइमकीपर, भाऊबीजेला मी सायकलवरून जव्हारला जाणार."

जव्हारला त्यांची थोरली बहीण होती, अक्का. आई लवकर गेली, तेव्हा यांना वाढवलं ते अक्काने. आता ती आजारी होती, अंथरुणाला खिळल्यासारखीच. या भाऊबीजेला तरी ये, असा तिचा निरोप आला होता. मी म्हटलं, "मग सायकल कशाला? पालघरहून सकाळची बस आहे की."

"त्या बसमध्ये मी पाय ठेवत नाही."

तेव्हा मला सगळं रामायण कळलं. जव्हारला दिवसातून ती एकच बस जायची आणि तिच्यावर कंडक्टर होते अक्काचे यजमान, म्हणजे यांचे दाजी. काही वर्षांपूर्वी हे, अक्काला आवडतात म्हणून, दांडी गावचे सुके बोंबील पाटीभर घेऊन त्या बसने निघाले. उतारूंनी नाकाला पदर लावले. दाजींनी वाघोबाच्या खिंडीत घंटी मारून सांगितलं, "पाटी खाली उतरेल." हे म्हणाले, "पाटी उतरली तर मीही उतरेन. आणि पुन्हा तुमच्या गाडीत पाय ठेवला तर बापाचं नाव लावणार नाही." दाजी शांतपणे म्हणाले, "तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत." एक मेहुणा आणि एक बोंबलांची पाटी खिंडीत उभी राहिली, बस निघून गेली. तेव्हापासून बहीण-भावाची भेट नाही. दोन हट्टी माणसांच्या मध्ये ती बाई उगाच भरडली गेली, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

तयारी सुरू झाली. "रस्त्यात अडलं तर?" हा त्यांचा दुसरा मंत्र. म्हणून जादा ट्यूब, जादा टायर, जादा चेन. मग जादा पेडल. मग जादा सीट. एका संध्याकाळी या ढिगाऱ्याकडे बघत ते बराच वेळ बसले आणि एकदम उजळून म्हणाले, "इतकं सुटं सुटं नेण्यापेक्षा अख्खी सायकलच जादा नेऊ!"

मला हायसं वाटलं. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या जादा सायकलीसाठी जादा ट्यूब, जादा टायर आणि जादा चेन बांधायला घेतली. ती सायकल चालवणार कोण, हे मी विचारलं नाही. ते माझ्याकडे बघतच होते.

"आणि रस्त्यात मीच अडलो तर?" मी विचारलं.

"तू अडायचं नाहीस. तू जादा आहेस."

नवी वस्तू तपासल्याशिवाय वापरायची नाही, म्हणून आधी एक रंगीत तालीम ठरली. संध्याकाळी दांडीला जायचं, मुक्काम करायचा, सकाळी परत. दांडीला त्यांच्या नेहमीच्या ओळखीची एक कोळीण होती. बोंबील तिच्याकडचेच. आम्ही तिच्या अंगणात पोचलो तेव्हा सायकली दिसतच नव्हत्या. दिसत होता स्टोव्ह, पाण्याची घडवंची, कंदील, चादरी आणि त्यांतून बाहेर आलेली आमची डोकी.

"तुमी जव्हारला चाललाय का घर बदलून चाललाय?" तिने विचारलं.

अंगणातच माझी सायकल पंक्चर निघाली. त्यांना मनापासून आनंद झाला. इतक्या दिवसांच्या तयारीचं चीज झालं. त्यांनी पेटी उघडली, नवी ट्यूब काढली आणि तळहात पुढे केला. "आधी जुनं दाखव."

मी टायर सोडवला, ट्यूब ओढून काढली. त्यांनी ती कंदिलापुढे धरली, पाण्यात बुडवली, बुडबुडा पाहिला, तरी मान हलेना. कोळीण बोंबील वाळत घातलेल्या बांबूला टेकून हा सोहळा बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"अवो, बईन आजारी हाय ना तुमची? मंग ह्यो खेल कसला मांडलाय? बईन काय थांबनार हाय तुमच्यासाटी? जा ना गप!"

 त्यांनी मला नवी ट्यूब दिली. जेवणं झाल्यावर चादर पांघरता पांघरता हळूच म्हणाले, "टाइमकीपर, सगळं घेतलंय. पण पोचलो आणि अक्काने दारच उघडलं नाही, तर? त्याला जादा काय नेऊ?"

तेव्हा मला उलगडा झाला. या माणसाला घाटाची भीती नव्हती. दाराची होती. मी त्यांच्यावर चिडलो होतो, तो राग तिथेच विरघळला.

भाऊबीजेच्या पहाटे आम्ही निघालो. सायकलींवर तो सगळा बाडबिस्तरा आणि वर बोंबलांची पाटी. पालघर मागे पडलं आणि खिंडीचा चढ सुरू झाला. चढाच्या मध्यावर त्यांच्या सायकलीने कण्हल्यासारखा आवाज केला आणि पुढच्या चाकाचा चिमटा मोडून ती आडवी झाली. रस्त्यावर दुकान मांडल्यासारखं सामान पसरलं.

मी आनंदाने माझी सायकल पुढे केली. "घ्या! जादा सायकल! हिच्यासाठीच तर आणली."

त्यांनी मोडक्या सायकलीकडे पाहिलं, मग माझ्या सायकलीकडे. "पण जुनी जमा कुठे करायची?"

"म्हणजे?"

"जमा केल्याशिवाय नवी कशी घेऊ? बोईसरला जाऊन येऊ."

मी खिंडीत उभा राहून ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही, बाजूलाच वाघोबाचं देऊळ आहे. माझं ओरडणं चालू असतानाच मागून बस आली. रस्त्यात घडवंची असल्यामुळे तिला थांबावंच लागलं.

दाजी खाली उतरले. किडकिडीत, गळ्यात चामडी पिशवी. त्यांनी सायकल पाहिली, स्टोव्ह पाहिला, पाटी पाहिली. जागाही तीच होती. दोघांच्या ते एकदमच ध्यानात आलं असावं.

"बसा," दाजी म्हणाले.

"मी शब्द दिलाय."

दाजींनी थोडा विचार केला आणि तळहात पुढे केला. "त्या वेळचं तिकीट आहे?"

आयुष्यात पहिल्यांदाच आमचे स्टोअरकीपर तळहाताच्या दुसऱ्या बाजूला होते. त्यांनी टोपी काढली आणि आतल्या घडीतून एक पिवळा पडलेला कपटा काढून दाजींच्या हातावर ठेवला. इतकी वर्षं तो त्यांच्या डोक्यावर होता! दाजींनी चष्मा लावून तो उलटसुलट पाहिला.

"जव्हारपर्यंतचं आहे. तुम्ही खिंडीतच उतरलात. प्रवास पुरा झालेला नाही. म्हणजे पुन्हा पाय ठेवायचा प्रश्नच येत नाही. जुनीच फेरी पुरी करायची आहे."

 नियमाच्या माणसाला नियमातूनच वाट मिळाली होती. तरी पाय हलेना. "दाजी, अक्का..."

"पहाटे मी गाडीवर निघालो तेव्हाच दाराशी बाज टाकून पडली होती. आत चल म्हटलं तर ऐकत नाही. दार लावू देत नाही."

हे ऐकल्यावर त्यांनी पाय उचलला. आतून कुणीतरी कुरकुरलं, "मासळी आत नको." दाजी म्हणाले, "माझ्या सीटवर ठेवतो. मी उभा राहीन." आणि त्यांनी ती पाटी स्वतः उचलून आत नेली. मोडकी सायकल टपावर चढली, मी माझ्या सायकलीसह खालीच राहिलो. घंटी वाजली. बस वळणावर गेली तेव्हा खिडकीतून एक तळहात बाहेर आला होता, उघडा. हलवायचा असतो, हे त्याला ठाऊक नसावं.

ते परत आले नाहीत. अक्का पुढे फार दिवस राहिली नाही, पण शेवटपर्यंत ते तिच्याजवळ होते. ती गेल्यावरही ते दाजींना सोडून आले नाहीत. दोन हट्टी म्हातारे एका घरात राहिले.

जादा सायकल माझ्याकडेच राहिली. काही महिन्यांनी तिचा ब्रेक झिजला, तसा सवयीने मी जुना रबर घेऊन स्टोअरच्या खिडकीशी गेलो. नवा स्टोअरकीपर भला माणूस होता. काही न विचारता त्याने कोरा रबर काढून दिला.

"जुना?" मी विचारलं.

"असू दे. टाकून द्या," तो म्हणाला.

मागे रांग खोळंबली होती. मी तो झिजलेला रबर खिडकीत धरून उभाच राहिलो.