चहाची ओळ

आमच्या घरातून कोणताही कागद बाहेर जाण्याआधी माझ्या हाताखालून जातो. मी मेहकरला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो, एवढीच माझी लायकी. पण लग्नपत्रिका, तेरवीची चिठ्ठी, ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज, सगळं माझ्याकडे येतं आणि आलं होतं त्यापेक्षा लांब होऊन परत जातं. "याच्याजवळ किराण्याची यादी देऊ नका," माझा मोठा भाऊ म्हणायचा, "सामान राहीन दुकानात अन् हा प्रस्तावना घेऊन येईन." सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि प्रस्तावना चांगलीच झाली असती असं मनातल्या मनात म्हणायचो.

दादाचं डोणगावात दुकान होतं. मोटारपंपाचे स्टार्टर आणि मोबाइल, दोन्ही एकाच टेबलावर दुरुस्त व्हायचे. शिक्षण दहावी. पण कुठूनसा तो मुक्त सॉफ्टवेअरच्या नादी लागला. हे कोणा एका कंपनीचं नसतं. जगभरातले लोक फावल्या वेळात, पगाराविना बनवतात, आणि ते कसं वापरायचं याची इंटरनेटवरची पानंही असेच लोक आपापल्या भाषेत लिहितात. मराठीत लिहिणारे मोजकेच, त्यातला एक आमचा दादा. वहिनीला वाटायचं नवऱ्याला वेड लागलं. मला वाटायचं, दहावीचा माणूस लिहितो आणि आपण एमए होऊन बसलो आहोत.

त्याची लिहायची पद्धत वेगळी होती. तो आधी बोलायचा. दुकानात गिऱ्हाईक नसलं की फोन तोंडाशी धरायचा आणि समोर कोणीतरी उभं आहे असं समजून सांगत सुटायचा. "हे पाय, इथं दाब. दाबलं? आता काही होणार नाई. घाबरू नको." मग स्वतःचंच बोलणं ऐकून ते उतरवून काढायचा. असे कितीतरी आवाज त्याच्या फोनात साठले होते.

एकदा तो म्हणाला, "तू मास्तर आहेस ना बे, मले जरासं सुदरून दे. लोक वाचतात, लाज नको जायले."

मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तीसेक पानं होती. मी दिवाळीची सुट्टी त्यात घातली. "दाबा"चं "कळ दाबण्यात यावी" केलं. जिथं त्यानं एकच गोष्ट दोनदा सांगितली होती तिथं एकदा ठेवली. "घाबरू नका" तर पानोपानी होतं, ते सगळं काढलं. वाचक काही भित्रा नसतो, असं माझं मत. सुधारलेलं दादानं दोनदा वाचलं. मग म्हणाला, "मस्त झालं. आता मले बी समजून नाई राह्यलं."

मी ते कौतुक समजलो.

एकाच ओळीसाठी तो अडून बसला. फोनातले फोटो आणि आवाज तार जोडून संगणकात कसे हलवायचे, त्या पानावर. काम किती झालं ते पडद्यावरची एक पट्टी दाखवत जाते. त्यानं लिहिलं होतं: "शेवटाले पट्टी येऊन थबकते. वाटते बंद पडलं. बंद पडलं नाही. चहा ठेवा, प्या, कप धुऊन या, मग पाहा. तोवर तार काढू नका, नाहीतर फोनातून गेलं अन् संगणकात बसलं नाही, असं होते."

"ही राहू दे ना," तो म्हणाला.

"दादा, ही मार्गदर्शिका आहे. चहाचं हॉटेल नाही."

"अरे पण लोकं तार काढतात."

"'प्रक्रिया पूर्ण झाल्यानंतर तार काढावी' लिहिलंय की. त्यात सगळं आलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले. "तू लिहितोस तं बरोबरच अशीन." आणि ओळ गेली. धाकट्या भावाच्या शिक्षणाचा त्याला फार अभिमान होता. त्यासाठी त्यानं स्वतःची शाळा सोडली होती, हे मी इथं लिहितो कारण त्याच्या तोंडून ते कधी आलं नाही.

दोन वर्षांनी तो गेला. सकाळी दुकान उघडलं, खुर्चीवर बसला, आणि शेजारच्या माणसानं आम्हाला फोन केला. बस्स.

तेरवीनंतर वहिनी म्हणाली, "भाऊजी, फोटो भिंतीवर हायेत. पण आवाज फक्त त्या फोनात हाय, अन् फोन मधीच बंद पडते. संगणकात टाकून द्या ना."

"रविवारी येतो," मी म्हणालो. त्या रविवारी पेपर तपासायचे होते. पुढच्या रविवारी एक लग्न. तिसऱ्या रविवारी मला आठवत नाही काय होतं, आणि न आठवण्याइतकंच ते महत्त्वाचं होतं.

वहिनीनं वाट पाहिली नाही. तिनं दादाचं पान उघडलं. नवऱ्यानंच लिहिलेलं, मग दुसऱ्याला कशाला विचारायचं? एकेक शब्द लावत ती शेवटापर्यंत आली. पट्टी थबकली. पाच मिनिटं ती बसून राहिली. पट्टी हलेना, फोन तापला. तिला वाटलं झालं असेल. तिनं तार काढली.

मी फोन आणि संगणक दोन्ही मेहकरच्या दुकानात नेले. तिथल्या माणसानं दोन दिवस ठेवून घेतले. मग पडदा माझ्याकडे फिरवून म्हणाला, "सर, नावं दिसून राह्यली. आत काही नाई." नावं दादानं दिलेली होती. 'फोटो हलवणे'. 'फोटो हलवणे, परत एकदा'. 'हे बरोबर झालं'. मी एकेक उघडून पाहिलं. दुकानदारानं मला थांबवलं नाही.

डोणगावला गेलो तेव्हा वहिनी ओसरीवर तूर निवडत होती.

"माह्याच हातानं गेलं," ती म्हणाली. "त्याईनं लिहिलं तसंच केलं हो मी. पण कुठंतरी चुकलं अशीन. मी अडाणी."

गप्प राहता आलं असतं. घरात कोणालाच कळलं नसतं. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं सुरळीत करणाऱ्या माणसाला तेव्हा एकही वाक्य धड जमेना. "वहिनी, चूक तुझी नाही. दादानं लिहिलं होतं थांबा म्हणून. मी काढलं. चांगलं दिसत नव्हतं म्हणून काढलं."

तिनं सूप बाजूला सारलं. मला वाटलं, आता रागावून बोलेल काही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, "मंग अजून कोणाचं गेलं असंन का हो?"

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी आपल्याच घराचं दुःख घेऊन बसलो होतो. या कामात ज्याचं जमतं तो कधीतरी आभार लिहितो. ज्याचं जातं तो स्वतःला अडाणी म्हणतो आणि गप्प बसतो. त्याची कुठंच नोंद होत नाही.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"आत्ता लावा ती ओळ. माह्यासमोर."

अशा पानांचं एक असतं, जुनं काही पुसलं जात नाही. कोणी काय बदललं, कशासाठी, सगळं मागं राहतं. मी माझ्या फोनवर शोधत गेलो. त्या दिवाळीतला माझा शेरा सापडला: "अनावश्यक मजकूर वगळला." खाली दादाची ओळ जशीच्या तशी. मी नकळत मोठ्यानं वाचायला लागलो.

"वाचू नका," वहिनी म्हणाली. "नुसतं लावा."

लावली. नंतरच्या महिन्यात बाकीची पानंही परत बसवली. सोपं नव्हतं. अजूनही एखादं वाक्य दिसलं की बोटं शिवशिवतात. "धुऊन"च्या जागी "स्वच्छ करून" किती शोभलं असतं! मग मी उठून गच्चीवर एक फेरी मारतो.

मागच्या आठवड्यात त्या पानाखाली कोणा अनोळखी माणसानं लिहिलं, "पट्टी थांबली, चहा केला, सगळं आलं. धन्यवाद." मी लगेच वहिनीला फोन लावला.

"बरं झालं," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "काय होतं त्याचं? फोटो?"

"ते नाही लिहिलं."

"आवाज होता का त्याच्यात?"

"तेही नाही लिहिलं, वहिनी."

"अशीन," ती म्हणाली. "अशीन कोणाचा तरी."