पोर्तुगीज बाईच्या मनगटावरचा विंचू

पर्थमध्ये राहणाऱ्या एका म्हाताऱ्याने आपल्या थोरल्या बहिणीला फसवलं, आणि तिच्या आडून स्वतःच्या पणजीलाही. ती बहीण इथे सिंगापुरातच, क्वीन्सटाउनला राहते. तिच्या नातवाशी माझ्या मुलीचं लग्न ठरलं आहे, म्हणजे मामला आता आमच्या घरचा झाला. घरच्या मामल्यात मी गप्प बसत नाही.

मी कामठीचा. सिंगापूरला एसी दुरुस्त करायला आलो आणि आज टॅम्पिनीसमध्ये जुन्या फर्निचरचं माझं स्वतःचं दुकान आहे. गिऱ्हाईक पुढून पॉलिश बघतं, मी वस्तू उलटी करून बघतो. कुणाच्या घरी पाहुणा म्हणून गेलो तरी ही खोड जात नाही.

मुलीच्या होणाऱ्या आजेसासूच्या घरी आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तिने आम्हाला सोफ्यावर बसवण्याआधी भिंतीसमोर उभं केलं. भिंतभर वंशावळ. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ती तेवढंच करत होती. कॉर्कजवळच्या खेड्यातला एक उपाशी पोरगा, तिचा पणजोबा, पोटासाठी इंग्रजांच्या फौजेत शिरला, हिंदुस्थानात आला, पुढे फौज सोडून सिंगापूरला बंदरावरच्या पोलिसांत लागला. त्याचा माग काढत ही बाई आयर्लंडला जाऊन आली होती. तिथे तिने शेवाळ खरवडून थडगी वाचली होती. एखाद्या गोष्टीच्या इतकं मागे लागणारं माणूस मला आवडतं.

"त्याची पलटण बरीच वर्षं कामठीला होती," ती म्हणाली.

उभ्यानेच घेतलेला चहाचा कप मी खाली ठेवला. माझंच गाव ते, म्हणालो. ती खूश झाली आणि तिथल्या छावणीतल्या चर्चबद्दल विचारू लागली. मी तिला खरं ते सांगितलं, की चर्च मी बाहेरूनच पाहिलं आहे, कुंपणाजवळच्या चिंचेखाली.

मला हेवाही वाटला. आम्ही बौद्ध. पणजोबांच्या पलीकडे आमच्याकडे कुणालाच काही ठाऊक नाही. घराण्याची पिढ्यान् पिढ्यांची नावं म्हणून दाखवणारे भाट दुसऱ्यांच्या दारात जात, आमच्या वस्तीत कधी कुणी फिरकलं नाही. आणि इथे एका गोऱ्या शिपायाच्या बापाच्या मेंढ्यासुद्धा नोंदवल्या होत्या.

त्या शिपायाच्या बायकोच्या चौकटीत मात्र फक्त 'पोर्तुगीज बाई, मलाक्का' एवढंच होतं. शेजारी फोटो. बंद गळ्याचा झगा, मांडीवर मूल, मुलाला सावरताना एक बाही वर सरकलेली. चेहरा ताटासारखा गुळगुळीत. ही वंशावळ मोठ्या कापडावर छापून लग्नाच्या हॉलमध्ये लावायची, असं आजीने ठरवलं होतं.

मी फोटोची चौकट भिंतीवरून काढली आणि उलटी केली. बायकोने दबक्या आवाजात म्हटलं, "अहो, विकायला नाही काढली ती त्यांनी. बसा."

मी बसलो, पण फोटो हातातच राहिला. खालच्या कोपऱ्यात तपकिरी बुरशी होती. आजी म्हणाली की मूळ फोटो बुरशीने खाल्ला होता. कपाळ, हनुवटी, मनगट, सगळीकडे डाग. धाकट्या भावाने पर्थच्या स्टुडिओतून साफ करून आणला.

"मग हा कोपरा का सोडला?" मी विचारलं.

मी मूळ फोटो मागितला. ती नको नको म्हणत होती, तरी नातवाने कपाटातून काढून दिला.

कपाळावर बारीक चंद्रकोर. हनुवटीवर ठिपका. मनगटाच्या वर विंचू, नांगी वळवलेला. माझ्या आईच्या त्याच हातावर तसाच विंचू होता. ती भांडी घासायची तेव्हा तो चालतोय असं वाटायचं.

पुढे मी काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. बुरशी विंचवाच्या आकारात बसत नाही, हे गोंदण आहे, आमच्याकडच्या बायका सुईने काढून घेतात, आणि तुमच्या भावाला ते चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर त्याने खरी बुरशी ठेवली आणि गोंदण पुसलं, इतकं तर बोललोच. मग आयर्लंडवर गेलो. मग तिच्या शाळेवर.

"बाबा, इनफ ला," मुलगी सिंगापुरी ढंगात म्हणाली.

परत येताना एमआरटीच्या गाडीत ती माझ्या समोर बसली आणि उतरेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. त्यानंतर घरात लग्नाचं बोलणंच बंद झालं. माझं चुकलं नव्हतं, आणि तरी माझ्यामुळे तिचं लग्न अडलं होतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, याचा मला फार राग आला.

काही आठवड्यांनी म्हातारी एकटीच दुकानात आली. टॉवेलात गुंडाळलेला मूळ फोटो होता. न विकल्या गेलेल्या एका खुर्चीवर बसली आणि म्हणाली, तुमच्या आईचा फोटो दाखवा. तो गल्ल्याच्या वरच असतो. मी काढून दिला. दोन्ही फोटो मांडीवर ठेवून ती बराच वेळ हात बघत राहिली.

"मी भावाला विचारलंच नाही," ती म्हणाली. "वडील सांगायचे, कोणी विचारलं तर उत्तर एकच द्यायचं. पोर्तुगीज. इंग्रजांच्या वेळी त्यावर शाळेत घ्यायचे."

मी पंखा तिच्याकडे वळवला आणि आमची घासाघीस सुरू झाली. ती 'भारतीय बाई' लिहायला तयार होती. मी म्हणालो, भारत मोठा आहे, आंटी, कामठी लिहा. तिने पुरावा मागितला.

"थोरल्या मुलाचा बाप्तिस्मा तुम्हीच वंशावळीत कामठीला दाखवलाय. मलाक्काची बाई तिथे कशी पोचली?"

"वडील म्हणायचे, कामठीची ती आधीची बायको असेल. वारली असेल."

"मग फोटोत मांडीवर कोण आहे?"

तिने फोटो डोळ्यांजवळ नेला. "थोरला," म्हणाली, आणि हसली. मीही हसलो. पण शाळामास्तरीणच ती, 'बहुधा कामठीची' याच्या पुढे सरकेना. मी तिला 'बहुधा' देऊन टाकलं आणि बदल्यात कापडावर मूळ फोटो मिळवला, पूर्ण आकारात, बुरशी आणि विंचवासकट. त्या बाईचं नाव कुठेच सापडलेलं नाही. त्यासाठी एक ओळ कोरी सोडायची, असं दोघांनी मिळून ठरवलं.

ती माझी कोण लागते, मला माहीत नाही. जातही माहीत नाही, आणि कोणी विचारू नये. पण लग्नाचं बोलणं पुन्हा सुरू झालं आहे, आणि लग्नानंतर मुलगी आणि जावई कामठीला जाणार आहेत, त्या चर्चच्या आत. मुलगी आता मला विंचवाचं चित्र काढून मागते. मनगटावर काढून घ्यायचंय म्हणते. बायको म्हणते, आधी लग्न होऊ दे.

पर्थच्या भावाला बहिणीने फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, जुनं कशाला उकरता, मी साफ केलेलाच फोटो मोठा करून आणतो. बहिणीने त्याला आणू नको म्हणून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर आवाज चढवला, असं नातू सांगत होता.

त्याने लग्नाला यावं. त्याची खुर्ची मी स्वतः पुढच्या रांगेत ठेवणार आहे. मी ओरडणार नाही, तसं मुलीला कबूल केलं आहे. पण जेवायला बसण्याआधी त्याने त्या फोटोसमोर उभं राहून, आपल्या बहिणीच्या आणि माझ्या मुलीच्या देखत सांगावं, की स्टुडिओवाल्याला काय काय पुसायचं ते बोट ठेवून दाखवताना त्याचं बोट त्या विंचवावर का थांबलं.