चार वाट्यांची स्क्वाड्रन

“शेवटी शेवटी डोकं फिरलं होतं हो त्यांचं. जेवणाच्या टेबलावर वाट्यांशी खेळत बसायचे.”

दिगूकाकांच्या शोकसभेला मराठी मंडळातले बरेच जण त्यांच्या नेपरव्हिलच्या घरी जमले होते. त्यांतल्या एक काकू शेजारणीला हे हळूच सांगत होत्या, पण ऐकू सगळ्यांना गेलं. चहा ओतणाऱ्या सुधाकाकूंचा हात थांबला. नवरा जाऊन जेमतेम आठवडा झाला होता. मी बेसमेंटच्या दाराशी उभी होते. तिथेच मी भाड्यानं राहते, इथे परदेशात शिकायला आल्यापासून.

आता महिना उलटून गेलाय, तरी ते वाक्य कानातून जात नाही.

काका आयुष्यभर पुलांची डिझाइन्स करत आले. वेड मात्र जहाजांचं. पहिल्या महायुद्धातली ब्रिटिश आरमाराची एक लाइट क्रूझर स्क्वाड्रन, म्हणजे चार हलक्या युद्धनौकांची तुकडी, त्यांना तोंडपाठ होती. कुणी चिडवलं, “काय दिगूभाऊ, अजून इंग्रजांची चाकरी?” तर म्हणायचे, “आपल्या पैशावर पोसलेलं आरमार ते. कसं चाललं, हे मी बघणारच!” शनिवारी मला जेवायला वर बोलवायचे. मी इंग्रजी शाळेतली, मराठी चुकेल या भीतीनं गप्प. आमटी संपली की ते चार वाट्या पुसून एका रांगेत मांडायचे. त्या क्रूझर. समोर कुकर, झारा, डाव... ही जर्मनांची अवजड जहाजं. “या वाट्या पत्र्यानं पातळ, पण पळायला चपळ. यांचं काम लढायचं नाही. पुढे जायचं, बघायचं आणि मागे सांगायचं.” तोफांचे गोळे आजूबाजूला पडत असताना त्या चौघी कुकरच्या किती जवळ गेल्या, गोळा पडला तिकडेच कशा वळल्या, कारण तोफवाला पुढचा नेम बदलणार... हे ते वाट्या सरकवत दाखवायचे. आणि मग त्यांचा आवाज चढायचा. त्याच लढाईच्या रात्री त्यांच्याच आरमारातल्या दुसऱ्या कितीतरी जहाजांना शत्रू निसटताना दिसला होता आणि त्यांनी कळवलंच नाही. जो तो समजला, ॲडमिरलसाहेबांना दिसलंच असेल. शत्रू सुखरूप घरी पोचला. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या गप्प माणसांवर काका असे चिडायचे की काकू ओरडायच्या, “अहो, भात गार होतोय. युद्ध नंतर जिंका!”

एकदा त्यांनी मला विचारलं, “तू सगळं बघत असतेस. सांगत का नाहीस गं काही?”

“कुणीतरी सांगेलच ना, काका.”

“हेच! अगदी हेच म्हणाले ते!” ते टेबलावर थाप मारून हसले. वाट्या उडाल्या.

शेवटच्या दिवसांत दोन शब्द बोलले तरी त्यांना धाप लागायची. म्हणून ते बोलणं टाळायचे, नुसत्या वाट्या हलवायचे. मी आता रोज वर जाऊन त्यांच्यासमोर बसायचे. भेटायला येणारे एकमेकांकडे बघायचे. एका संध्याकाळी मी मुद्दाम तिसरी वाटी रांगेबाहेर ठेवली. काकांनी ती बोटानं सरकवून बरोबर जागी आणली आणि माझ्याकडे असे डोळे वटारले की मला हसू फुटलं. तेही हसले... आवाज न करता.

शोकसभेच्या दिवशी त्याच वाट्यांत पाहुण्यांसाठी चिवडा भरून ठेवला होता. काकांचा मेंदू शेवटपर्यंत लख्ख होता, हे त्या खोलीतल्या निदान तिघा-चौघांना माहीत होतं. पण जो तो खाली बघत होता. कुणीतरी बोलेल... मी सुधाकाकूंकडे पाहिलं. त्या अजून किटली तशीच धरून उभ्या होत्या. मी टेबलापाशी गेले आणि चिवड्याच्या चार वाट्या सगळ्यांसमोर एका रांगेत लावल्या.

मग त्या कुजबुजणाऱ्या काकूंकडे वळून मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, “काकू, त्यांचं डोकं फिरलं नव्हतं. धाप लागायची, म्हणून ते बोलत नव्हते. रोज समोर मी बसायचे. मी पाहिलंय.”