बारा डबे

मनोहरच्या मुलीचा, वृषालीचा फोन सकाळी आला. "काका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. मी अमरावतीत, ती अकोल्यात. पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परतत होती. मनोहरचा चेहरा पाहायला मिळाला नाही, आणि त्याचं फार वाईट वाटलं असंही नाही. गेली कित्येक वर्षं आम्ही कमीच बोलत होतो. त्याला कारण मी होतो.

चित्रकला शिक्षकाच्या कोर्सला आम्ही दोघं अमरावतीत एकाच बाकावर बसायचो. सरांनी एकदा परदेशी पुस्तकातलं एक गाजलेलं चित्र दाखवलं. सूपचे बत्तीस डबे, किराणा दुकानाच्या फळीवर मांडल्यासारखे, सगळे एका मापाचे, फरक फक्त लेबलावरच्या नावात. वर्ग हसला, मीही हसलो. मनोहरनं उठून विचारलं, "सर, हे सूप तो रोज पेत असन का?" पीत असावा, सर म्हणाले. "मंग बराबर हाय," म्हणून तो खाली बसला.

पुढे तो अकोल्याच्या एका शाळेत लागला, मी इथेच राहिलो. पंधराएक वर्षांनी इथल्या एका प्रदर्शनाच्या निवड समितीवर मी असताना त्याची बारा चित्रं आली. वनस्पती तुपाचे बारा डबे... पिवळे, नवेकोरे, हुबेहूब एकसारखे. समितीतले दोघं माझ्याकडे पाहू लागले, तुमचा मित्र ना म्हणून. "नक्कल आहे ही," मी म्हणालो. चित्रं परत गेली. मग मीच त्याला फोन करून सुचवलं, चिखलदऱ्याचं एखादं निसर्गचित्र पाठव, हमखास लागेल. "चिखलदरा मी दोनदा पायला," तो म्हणाला, "डबा रोज पायतो." आणि फोन ठेवला.

त्यानं ती चित्रं आपल्या शाळेच्या हॉलमध्ये लावली. मी गेलो, का गेलो, ते आजही नक्की सांगता येणार नाही. पालक येत, हसत, निघून जात. "दुकान टाकलं का सर?" एकानं विचारलंसुद्धा. मग मनोहरची आई आली. जिनिंगमध्ये कापूस निवडण्यात आयुष्य गेलेली, अक्षर न शिकलेली बाई. पहिल्या चित्रापुढे थांबून तिनं बोट ठेवलं, "हा तुयशीचा, आंगणातला." पुढच्यापाशी, "हा पिठाचा. याच्या बुडाले भोक पडलं होतं." त्याच्या पुढच्यापाशी जरा थांबली... "हा तुह्या बापानं वावरात नेला, तो वापस आलाच नाई." अशी ती बाराव्यापर्यंत गेली. निघालेली माणसं दारातून मागे फिरली. "आमी त्याच्यात पापड ठेवो," एक बाई म्हणाली, आणि मग जो तो आपापल्या घरचा डबा सांगू लागला.

मनोहर खिडकीशी उभा होता. मी जवळ जाऊन म्हणालो, "चुकलो मी."

"चुकला नाईस," तो म्हणाला. "तू पायलंच नव्हतं."

हे चुकण्यापेक्षा वाईट होतं, आणि ते दोघांनाही कळत होतं. नंतर लग्नकार्यात भेटलो, तब्येतीची विचारपूस केली. बाकी काही नाही.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी पुन्हा अकोल्याला गेलो. वृषालीनं त्याची खोली दाखवली. टेबलावर शाळकरी मुलांची असते तशी चित्रकलेची वही होती. पानापानावर औषधाची एकच पट्टी, दहा गोळ्यांची. पहिल्या पानावर नऊ गोळ्या आणि एक फाटलेलं घर, चंदेरी कागदाची कड वर आलेली. पुढच्या पानावर आठ. "रोज गोळी घेतली की काढत," वृषाली म्हणाली. रेषा थरथरलेलीच ठेवली होती, खोडली नव्हती. सहाव्या पानावर चार गोळ्या होत्या. पुढची पानं कोरी.

"ती पट्टी?" मी विचारलं.

"आहे ना, स्वयंपाकघरात. फेकाले हातच नाई होत, काका."

मी आत जाऊन पाहिली. चारच होत्या.